ब्राउझर कोणाचा मुखत्यार?

वडिलांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा एका रात्री मी श्रवणयंत्रांविषयी अर्धा-पाऊण तास वाचत बसलो होतो. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांशी हा विषय कसा काढायचा, तेच ठरत नव्हतं. दोन दिवसांनी ते त्याच कॉम्प्युटरवर बातम्या वाचायला बसले, तर पानाच्या कडेला श्रवणयंत्राची जाहिरात. हवामानाच्या पानावर तीच, खेळाच्या निकालांशेजारीही तीच. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिले. मी जे शब्द जपून सांगणार होतो, ते जाहिरातीनं परस्पर सांगून टाकलं होतं.

त्यानंतर मी ब्राउझर कसा चालतो ते समजून घेतलं आणि पुढे तो बदललाही. आता ओळखीचे लोक विचारतात, की ‘गोपनीयता जपणारा ब्राउझर’ म्हणजे नेमकं काय, आणि त्यानं खरंच फरक पडतो का? पडतो. पण कुठे पडतो आणि कुठे अजिबात पडत नाही, हे कळलं नाही तर माणूस खोट्या भरवशावर राहतो. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

एक पान, अनेक दारं

ब्राउझर म्हणजे इंटरनेट बघायची खिडकी, असं आपण धरून चालतो. खिडकी जागची हलत नाही. ब्राउझर मात्र तुमच्या वतीनं बाहेर जातो, मागण्या करतो, उत्तरं आणतो आणि त्यातून पान जुळवून तुमच्यापुढे ठेवतो. तंत्रज्ञ त्याला ‘यूजर एजंट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे: मुखत्यार. तुमच्या नावानं व्यवहार करणारा, आणि ज्यानं केलेलं तुम्हीच केलं असं मानलं जातं, असा माणूस.

आता वेबचं पान एका जागेहून येत नाही. बातमीचा मजकूर त्या वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवरून येतो. अक्षरांचा फॉन्ट दुसरीकडून, व्हिडिओ तिसरीकडून, जाहिरात चौथ्या कंपनीकडून, आणि वाचक मोजणारा छोटासा प्रोग्राम पाचवीकडून. तुम्ही एकच दार ठोठावलंत, मुखत्यार मात्र कितीतरी दारं फिरून आला. प्रत्येक दारी तो साधारण तीन गोष्टी उघड करतो: उत्तर कुठे पाठवायचं तो पत्ता, ज्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात, आपण कोणत्या साइटवरून आलो, आणि त्या दारी पूर्वी मिळालेला बिल्ला असेल तर तो.

सगळी गोम या बिल्ल्यात आहे.

बिल्ला मुळात निरुपद्रवी होता

वेबचं मूळ तंत्र विसराळू आहे. एक पान दिलं की सर्व्हर तुम्हाला विसरतो. दुसरं पान मागायला गेलात की तुम्ही त्याला पुन्हा परके. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्यापुढे हीच अडचण होती. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकानं टोपलीत टाकलेल्या वस्तू पुढच्या पानापर्यंत लक्षात कशा राहणार? त्यांनी काढलेला उपाय म्हणजे कुकी. सर्व्हर ब्राउझरजवळ एक छोटी चिठ्ठी ठेवायला देतो आणि पुढच्या खेपेला ब्राउझर ती दाखवतो. सामान ठेवायच्या खोलीत मिळतो तसा हा बिल्ला. त्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो, पण त्या आकड्यावरून तुमची पिशवी बरोबर तुमच्या हातात येते. एकदा लॉगिन केल्यावर दर पानाला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही, तो याच बिल्ल्यामुळे. त्यामुळे कुकी म्हणजे सरसकट वाईट, हे काही खरं नाही.

पण समजा, गावातलं वाचनालय, दवाखाना, बँक, कपड्यांचं दुकान, सगळीकडची सामानाची खोली एकाच कंपनीनं चालवायला घेतली. तुम्हाला एकच बिल्ला, सगळीकडे चालणारा. वर ही सेवा त्या संस्थांना फुकट किंवा उलट पैसे देऊन, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही. आता त्या कंपनीच्या वहीत अशी नोंद होऊ लागते: बिल्ला क्रमांक ७३४१, सकाळी दवाखान्यात, दुपारी वाचनालयात कानाच्या विकारांच्या कपाटाशी, संध्याकाळी बँकेत कर्जाच्या टेबलापाशी. वाचनालयाला फक्त वाचनालयातलं माहीत, दवाखान्याला फक्त दवाखान्यातलं. सगळं एकत्र माहीत असलेला एकच, तो खोलीवाला. आणि त्याच्याशी तुम्ही कधी बोललेलाही नाहीत.

याला त्रयस्थ कुकी म्हणतात. तुम्ही ज्या साइटवर आहात तिची नव्हे, तर त्या पानात येऊन बसलेल्या तिसऱ्याच कोणाची. आमच्या घरी झालं ते हेच. श्रवणयंत्राच्या पानावर आणि हवामानाच्या पानावर जाहिरात पुरवणारा एकच होता. कॉम्प्युटर एक, ब्राउझर एक, बिल्ला एक. समोर बसलेला माणूस बदललाय, हे बिल्ल्याला कळायचा काही मार्ग नव्हता. लोकांना वाटतं, फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. जाहिरातवाल्यांना एवढे कष्ट घ्यावेच लागत नाहीत, कारण आपला मुखत्यार स्वतःच दारोदार बिल्ला दाखवत फिरत असतो.

बिल्ला दाखवायला नकार

मग मुखत्यारानं त्रयस्थाला बिल्ला दाखवलाच नाही तर? किंवा प्रत्येक इमारतीसाठी वेगळा बटवा ठेवला, म्हणजे दवाखान्यात मिळालेला बिल्ला बँकेत बाहेरच येणार नाही? गोपनीयता जपणाऱ्या ब्राउझरचं अर्धं काम हे एवढंच आहे. फायरफॉक्सनं २०१९ मध्ये पाळत ठेवणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये वेगळ्या बटव्याची पद्धत सर्वांसाठी चालू केली. अ‍ॅपलच्या सफारीनं मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्णच बंद केल्या.

जगात सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर मात्र क्रोम आहे, आणि तो गूगलचा आहे. जानेवारी २०२० मध्ये गूगलनं जाहीर केलं, की दोन वर्षांत क्रोममधून त्रयस्थ कुकी जातील. मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीनं सांगितलं, की वापरणाऱ्याला याबाबत विचारणारी वेगळी खिडकीही येणार नाही. न्यायानं बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला भीती होती, की इतरांच्या कुकी गेल्या आणि गूगलजवळ स्वतःची माहिती तेवढी राहिली, तर जाहिरातीच्या बाजारावर गूगलची पकड आणखी घट्ट होईल. ही भीती पोकळ नव्हती.

क्रोममध्येही सेटिंगमध्ये जाऊन त्रयस्थ कुकी बंद करता येतात. पण सेटिंग उघडून बघणारी माणसं थोडी. माझे वडील तिथे कधी गेले नसते. म्हणून ब्राउझर हातात येतो तेव्हा तो मुळात कसा लावलेला आहे, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो.

बिल्ला नसला तरी ओळख पटते

दाराआडचं माणूस आपण खोकल्यावरून ओळखतो, जिन्यावरच्या पावलांवरून ओळखतो. ब्राउझरचंही तसं असतं. पान नीट मांडता यावं म्हणून तो पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, भाषा, कोणते फॉन्ट आहेत, हे सांगतो. काही पानं त्याला गुपचूप एक अदृश्य चित्र काढायला लावतात, कारण दर कॉम्प्युटरच्या चित्र रंगवण्यात बारीकसा फरक असतो. एकेक गोष्ट हजारो जणांची सारखी असेल, पण सगळ्या एकत्र आल्या की जुळणारा दुसरा सापडणं कठीण. याला ब्राउझरचा ठसा म्हणू.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. कुकी पुसता येते. ठसा पुसता येत नाही, कारण तो तुमच्याजवळ ठेवलेलाच नसतो.

यावर दोन तऱ्हांचे उपाय आहेत. पहिला गणवेशाचा. टोर ब्राउझर, आणि टोरच्याच मंडळींनी २०२३ मध्ये मुल्वाड कंपनीबरोबर काढलेला मुल्वाड ब्राउझर, वापरणारे सगळे शक्य तितके एकसारखे दिसावेत असा प्रयत्न करतात. खिडकी मोठी केली तरी पानाभोवती राखाडी कडा सोडतात, म्हणजे पडद्याचा नेमका आकार बाहेर जात नाही. दुसरा उपाय सोंगाचा. ब्रेव्ह ब्राउझर दर साइटला, दर खेपेला थोडी थोडी वेगळी माहिती देतो, त्यामुळे कालचा ठसा आजच्याशी जुळत नाही. दोन्हींत गणवेश अधिक भक्कम वाटतो मला, पण तो रोजच्या वापराला जाचतो.

यातून एक उलटी गोष्ट निघते, जी उत्साही लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. गोपनीयतेसाठी दहा-बारा एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकलेत तर तुमचा ठसा आणखी वेगळा होतो. शिवाय अशा बहुतेक एक्स्टेन्शनना तुमची पानं वाचायची मुभा द्यावी लागते. जाहिराती आणि पाळत अडवणारं यूब्लॉक ओरिजिनसारखं एक चांगलं पुरे. गूगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून ते त्याच्या पूर्ण रूपात क्रोमवर चालत नाही, फायरफॉक्सवर चालतं. मी फायरफॉक्सकडे वळलो त्याचं हे मोठं कारण.

इनकॉग्निटो असताना हे सगळं कशाला?

कारण इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, मुख्यतः तुमच्याच घरातल्यांपासून लपवतं. खिडकी बंद केली की इतिहास आणि कुकी तुमच्या कॉम्प्युटरवरून जातात. पलीकडच्या साइटला तुम्ही आल्याचं दिसतंच. या गैरसमजावरून गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला. २०२४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कंपनीनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं आणि इनकॉग्निटोच्या पहिल्या पानावरचा मजकूरही बदलला. त्या रात्री मी इनकॉग्निटोत वाचलं असतं, तर वडिलांपुढे ती जाहिरात आली नसती, हे मात्र खरं. त्या कामापुरतं ते चांगलंच आहे.

मुखत्याराचा पगार कोण देतं?

ब्राउझर फुकट मिळतो आणि तो बनवायला शेकडो अभियंते लागतात. तेव्हा हा प्रश्न विचारायलाच हवा. गूगलचं बहुतेक उत्पन्न जाहिरातीचं आहे, म्हणजे क्रोम हा मुखत्यार ज्या दारांवर तुमच्या वतीनं जातो, त्यांतल्या बऱ्याच दारांआड त्याचाच मालक बसलेला असतो.

पण दुसरेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. मोझिला या फायरफॉक्सच्या संस्थेचं सर्वांत मोठं उत्पन्न गूगलकडूनच येतं, गूगलला मूळ (डीफॉल्ट) शोधयंत्र म्हणून ठेवण्याबद्दल. याच कारणासाठी गूगलनं २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या न्यायालयात उघड झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या नव्या अटींमधली भाषा वाचून वापरणारे चिडले, तेव्हा मोझिलाला ती बदलावी लागली. ब्रेव्ह २०२० मध्ये पकडला गेला: एका क्रिप्टो कंपनीचा पत्ता टाइप करताना तो त्यात स्वतःला दलाली मिळवून देणारा कोड घालत होता. प्रमुख ब्रेंडन आइक यांनी चूक मान्य केली. डकडकगोच्या ब्राउझरचा मायक्रोसॉफ्टशी करार होता, त्यामुळे तो त्या कंपनीचे काही माग काढणारे प्रोग्राम अडवत नव्हता. २०२२ मध्ये ते बाहेर आल्यावर त्यांनी अडवायला सुरुवात केली.

हे वाचून ‘सगळे सारखेच’ म्हणून सोडून देऊ नका. हे प्रकार उघडकीला आले, कारण बाहेरचे लोक या ब्राउझरांचं वागणं तपासत होते, आणि उघड झाल्यावर ते बदलावं लागलं, कारण विश्वास गेला की त्यांच्याजवळ विकायला दुसरं काही उरत नाही.

निवड करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्राउझरच्या आत पान मांडणारं इंजिन असतं. ब्रेव्ह, विवाल्डी, एज, ऑपेरा यांचं इंजिन मूळ क्रोमच्याच घरचं, क्रोमियम प्रकल्पातलं. त्यात क्रोमची पाळत आपोआप येते असं नाही, पण वेब कोणत्या दिशेला जावं हे मग एकच कंपनी ठरवते. फायरफॉक्सचं इंजिन स्वतंत्र आहे. आयफोनवर मात्र बहुतेक देशांत कोणताही ब्राउझर घेतला तरी आतलं इंजिन अ‍ॅपलचंच असतं.

मला विचाराल तर रोजच्या वापराला फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. काहीही न लावता चालू करायचं असेल, तर ब्रेव्ह. पत्रकार, छळातून सुटू पाहणारी व्यक्ती, किंवा ज्यांना पकडलं जाण्याची खरी भीती आहे, त्यांच्यासाठी टोर. त्यात तुमची मागणी तीन टप्प्यांतून जाते आणि एकाही टप्प्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही कळत नाहीत. ते हळू चालतं, पण त्यांच्यासाठी हळूपणा परवडतो.

अलीकडे एआय सहायक असलेले ब्राउझर आलेत. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ओपनएआयचा अ‍ॅटलस. ते सोयीचे असतील, पण पानाविषयी काही विचारलंत की त्या पानाचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. शिवाय पानात लपवून लिहिलेल्या सूचना हा सहायक तुमच्याच सूचना समजून पाळू शकतो. कोणाही अनोळख्याची चिठ्ठी वाचून कामाला लागणाऱ्या मुखत्याराच्या हाती बँकेच्या किल्ल्या मी आज देणार नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’

माझ्याकडेही नव्हतं. वडिलांना कमी ऐकू येणं यात लाजण्यासारखं काय आहे? पण ते कोणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे ठरवण्याचा हक्क आमचा होता. आजार, कर्ज, गर्भारपण, नोकरी सोडण्याचा विचार, धर्माविषयीची शंका, हे सगळं माणूस आधी एकट्यानं शोधून वाचतो. ते वाचताना कोणी खांद्यावरून बघत नाही, ही खात्री असेल तरच तो मोकळेपणानं वाचेल. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते: जाहिरातीपेक्षाही, वाचायलाच न धजण्याची.

साइट बिघडतात का?

क्वचित. एखादं पैसे भरायचं पान अडकतं, एखादा व्हिडिओ चालत नाही. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत ढालीचं चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारून त्या एका साइटपुरतं संरक्षण सैल करता येतं. बाकी बहुतेक पानं उलट लवकर उघडतात, कारण मुखत्याराच्या निम्म्या फेऱ्या वाचलेल्या असतात.

ब्राउझर बदलूनही जे बदलत नाही

तुम्ही एखाद्या साइटवर स्वतःच्या नावानं लॉगिन केलंत, की तिथे काय करता ते त्या साइटला कळणारच. मुखत्यार कितीही विश्वासू असो, तुम्ही स्वतःच नाव सांगितलंय. फायरफॉक्समध्ये बसून दिवसभर गूगलच्या खात्यात लॉगिन राहिलात, तर गूगलवर शोधलेलं सगळं त्या खात्यात जमा होत राहील. म्हणून ब्राउझरबरोबर शोधयंत्रही बदला, निदान रोजच्या शोधापुरतं.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते सहसा दिसतं, पानात काय वाचलंत ते नाही. व्हीपीएन, म्हणजे तुमची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, घेतलंत, तर तीच नजर व्हीपीएनवाल्याकडे सरकते. बिल्ला आणि ठसा यांना व्हीपीएन हातही लावत नाही, त्यामुळे ‘व्हीपीएन आहे, मग ब्राउझर कोणताही चालेल’ हा समज सोडून द्यावा.

आणि फोनवरच्या समाजमाध्यमांच्या अ‍ॅपमध्ये दुव्यावर बोट ठेवलंत, की पान पुष्कळदा त्या अ‍ॅपच्या पोटातच उघडतं. तुम्ही निवडलेला ब्राउझर तिथे नसतोच. कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असतो, तो वापरायची सवय लावा.

सामान हलवताना

एका झटक्यात जुना ब्राउझर काढू नका. नवा बसवा, पहिल्यांदा उघडल्यावर तो स्वतःच विचारतो तेव्हा बुकमार्क आणि पासवर्ड आणून घ्या, आणि दोन-तीन आठवडे दोन्ही ठेवा. पासवर्ड फाइलमधून आणावे लागले, तर ती फाइल साधी, कोणालाही वाचता येईल अशी असते. काम झालं की ती पुसा आणि कचऱ्याच्या टोपलीतूनही काढा. नव्याला मूळ (डीफॉल्ट) ब्राउझर म्हणून लावायला विसरू नका, नाहीतर ईमेलमधले दुवे जुन्यातच उघडत राहतील.

जुना ब्राउझर कॉम्प्युटरवरून काढला, म्हणजे त्यातली माहिती गेली असं नसतं. तुम्ही त्यात खात्यानं लॉगिन केलं असेल, तर इतिहास, पासवर्ड, बुकमार्क यांची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असू शकते. ती खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी पुसावी लागते. हे काम ब्राउझर काढण्याआधी करा.

आणि घरात कॉम्प्युटर एकच असेल, तर प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल करून द्या. प्रत्येकाचा इतिहास वेगळा, कुकी वेगळ्या. पाच मिनिटांचं काम. वडिलांचं प्रोफाइल मी त्यांच्याशेजारी बसून केलं, अक्षरं मोठी करून दिली, आणि श्रवणयंत्राचं बोलणंही त्याच बैठकीत झालं.